आमचा मिलानचा बाजार

खत-बियाण्याच्या दुकानदाराला पेरणीच्या दिवसांत मान वर करायला सवड नसते. पण हंगाम सरला की दुकानापुढं खुर्च्या पडतात, चहा येतो आणि किस्से निघतात. गिऱ्हाइकांचे निघतात, कंपनीच्या साहेबांचे निघतात, आणि फिरून फिरून गाडी मिलानवर येते. बियाण्याच्या एका कंपनीनं टार्गेट पुरं करणाऱ्या दुकानदारांना जोडीनं युरोप दाखवला, त्यातला शेवटचा दिवस मिलानमध्ये शॉपिंगसाठी मोकळा होता. डोंगर आणि बर्फ आता फक्त मोबाईलमध्ये उरलाय. तो एक दिवस मात्र आम्ही अजून पुरवून पुरवून सांगतो.

आमचा घोळका पाच जणांचा. मी आणि माझी बायको सुनंदा, जालन्याकडच्या अंबडचे. शहागडला हायवेवर दुकान असलेले अप्पा, आणि त्यांच्या घरच्या, ज्यांना आम्ही सगळेच काकू म्हणतो. पाचवे मुनीरभाई, अंकुशनगरच्या रस्त्याला फवारणी पंप विकतात आणि दुरुस्तही करतात. भाभींचा पासपोर्ट वेळेवर आला नाही म्हणून ते एकटे आलेले, आणि जे दिसेल ते भाभींना व्हिडिओ कॉलवर दाखवत सुटलेले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अप्पांना एकच लेक, रेखा. तिनं आपल्या पसंतीनं कोर्टात लग्न केलं आणि अप्पांनी तिचं नाव घेणं सोडलं. माणूस मनानं वाईट नाही, पण हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. विमानात काकूंनी सुनंदाला कानात सांगितलं की रेखाला पाचवा महिना लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, एवढाच त्या माउलीचा जीव अडकलेला. पण अप्पांपुढं विषय काढायचा कुणी? त्यांना तर लेकीला दिवस गेल्याचाही पत्ता नाही, असं काकूंचं म्हणणं. सुनंदानं हे मला सांगितलं, मी मुनीरभाईंना सांगितलं, आणि अशा रीतीनं अप्पा सोडून सगळ्यांना ते माहीत झालं.

* * *

सकाळी दुकानं उघडता उघडता आम्ही बाजारात हजर. पहिलंच दुकान पर्सचं. काचा अशा लखलखीत की मी दार कुठंय ते चाचपूनच शोधलं. आत गेलो तर भल्यामोठ्या फळीवर एकच पर्स, दुसऱ्या फळीवर दुसरी, बाकी सगळं मोकळं.

मुनीरभाईंनी चौफेर नजर टाकली आणि त्यांचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बेचाऱ्याकडं मालच न्हाई. दुकान बसायला लागलं वाटतं."

किमती बघितल्यावर मी म्हणालो, चला, निघू. तर मुनीरभाई जागचे हलेनात. आपण पहिलं गिऱ्हाईक, आपण तसंच गेलो तर याची बोहनी खराब होईल, आणि एवढं दुकान बुडत असताना आपण हे पाप घ्यायचं का, असा त्यांचा सवाल. आम्ही सगळे दुकानदारच. बोहनी म्हटल्यावर कुणाच्याच्यानं पाऊल उचलेना. शेवटी सगळ्यात लहान वस्तू शोधून काढली, चाव्या अडकवायचा छल्ला. दुकानातल्या पोरीनं तो मखमली डबीत, डबी खोक्यात, खोकं पिशवीत घालून, रिबीन बांधून दिला. मुनीरभाईंनी तिला डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून "अल्ला बरकत देगा" म्हटलं. त्या छल्ल्याला आता पंपाच्या गोदामाची चावी असते.

* * *

पुढच्या एका दुकानात सुनंदाला एक स्कार्फ आवडला. किंमत ठरलेली आहे, इथं घासाघीस चालत नाही, हे टूरवाल्यांनी बसमध्ये बजावून सांगितलेलं. पण जालन्याच्या कापडबाजारात तयार झालेली बाई ती, तिला हे कसं पटावं! तिनं निम्म्यात मागितला. तिथली पोरगी हसून मान हलवत राहिली. मग सुनंदानं तिचं हुकमी अस्त्र काढलं. स्कार्फ खाली टाकला, "ऱ्हाऊ द्या मंग" म्हणाली आणि तरातरा बाहेर पडली.

आपल्याकडं दुकानाची पायरी उतरायच्या आत मागून "ओ ताई" अशी हाक येतेच. इथं कुणी हाक मारेना. सुनंदानं चाल कमी केली. कोपऱ्यापर्यंत गेली. चप्पल नीट केल्याचं सोंग केलं. मग नाइलाजानं परत आली, तर त्या पोरीनं पहिल्यांदाच बघत असल्यासारखं हसून पुन्हा नमस्कार केला.

"बघा," सुनंदा मला म्हणाली, "रुसून गेल्ते, ते बी हिच्या ध्यानात आलं न्हाई."

स्कार्फ पूर्ण किमतीत आला. परवा एका लग्नात तिनं तो घातला होता आणि किती घासून आणला ते बायकांना सांगत होती. मीही मान डोलावली. संसार करायचा आहे.

* * *

अप्पा मात्र एकाही दुकानात शिरले नाहीत. चौकात एक लाकडी बाक होता, तिथं बसून राहिले. शेजारी त्यांच्याच वयाचा एक गोरा म्हातारा, बायकोच्या पिशव्या सांभाळत बसलेला. बऱ्याच वेळानं आम्ही परत आलो तर दोघांच्या गप्पा रंगात आलेल्या. हे शहागडच्या मराठीत, तो त्याच्या भाषेत. अप्पांनी त्याला मोबाईलवर आपली मोसंबीची बाग दाखवली, त्यानं द्राक्षं दाखवली. उठताना त्यानं अप्पांचा हात दोन्ही हातांत धरला.

काय बोलत होता, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, त्याला नात झालीय, लेक लांब राहती, ह्याला करमत न्हाई.

तुम्हाला कसं समजलं, म्हणालो.

"त्यात समजायचं काय?" म्हणाले आणि पुढं चालू लागले.

* * *

काकूंना हिरवं कापड हवं होतं. लेकीची ओटी भरायला, डोहाळजेवणाला. बाळंतपणाला आणता नाही आलं तरी कापड तरी पोचवीन, असं त्या सुनंदाला म्हणाल्या. अप्पांना कळू नये म्हणून आम्ही त्यांना पुन्हा एका बाकावर बसवलं, मुनीरभाईंना राखणीला ठेवलं आणि एका कापडाच्या दुकानात शिरलो.

दुकानदारीण पिकल्या केसांची. तिनं हिरव्या रेशमाचे तागे काढले. काकूंना ना पोपटी चाले, ना काळपट. त्यांचा हिरवा म्हणजे चुड्याचा हिरवा. हे तिला सांगायचं कसं? शेवटी काकूंनी आपल्या पोटापुढं हातानं गोल करून दाखवला, मग दूर बोट केलं, लेक, तिकडं. बाईच्या ध्यानात आलं. ती आत गेली, एक वेगळाच तागा घेऊन आली, तो बरोबर निघाला. कापड फाडून दिल्यावर काउंटरच्या बाहेर आली आणि तिनं काकूंच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

काकू क्षणभर खांबासारख्या उभ्या. मग पर्समधून कुंकवाची डबी काढली आणि तिच्या कपाळाला बोट लावलं. बाहेर आल्यावर सुनंदानं हळूच विचारलं, ती सवाशीण होती का पण?

"आई हाये," काकू म्हणाल्या. "मला तेवढं बास." आणि रस्त्यातच रडू लागल्या. आमच्याही डोळ्यांना पाणी आलं, खोटं कशाला बोलू. ते कापड सुनंदाच्या पिशवीत तळाशी गेलं.

* * *

संध्याकाळी बस सुटायची वेळ झाली आणि अप्पाच नाहीत! मुनीरभाई भाभींना चर्चचा कळस दाखवत होते, तेवढ्यात राखणीतलं पाखरू उडालेलं. काकूंचा जीव कासावीस. मुनीरभाई कान धरून सगळ्यांची माफी मागत होते. एवढ्यात अप्पा समोरून सावकाश चालत आले, हातात कागदी पिशवी. बसमध्ये चढून काकूंच्या शेजारी बसले आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

काकूंनी उघडली. आत लोकरीचं टोपडं होतं, आणि अंगठ्याएवढे पायमोजे.

काकू त्या मोज्यांकडं बघतच राहिल्या. आता या रडणार, असं आम्हाला वाटलं. तर त्या कडाडल्याच.

"लेकरू व्हायच्या आधी कपडे घेतेत का कुणी? एवढं वय झालं, एवढं बी कळत न्हाई का तुम्हाला?"

अप्पा ओशाळले. आयुष्यात त्यांना असं खाली मान घातलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग म्हणाले, "घरात न्यायचं न्हाई ना? मुनीरकडं ठिवू."

मुनीरभाईंनी आधीच दोन्ही हात पुढं केले होते. "माझ्या दुकानात ऱ्हातील," म्हणाले. "एकदम वरच्या फळीवर. दुसरं काही ठिवणार न्हाई तिथं."

बस हलली. अप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सातव्यातच घेऊन येऊ रेखाला. नंतर परवास नको."

काकूंनी त्यांच्याकडं वळून एवढंच विचारलं, की तुम्हाला सांगितलं कुणी?

"तूच," अप्पा म्हणाले. "मोरीत जाऊन बोलतीस, फोन स्पीकरवर टाकून. नळ सोडून बोलत जा, असं लय येळा सांगावं वाटलं. पण मंग मला लेकीचा आवाज आला नसता."