'न्हाई'चं 'भाई'

"आम्ही त्या वेगळ्या माठाचं पाणी पिणार भाई."

बैठकीत ग्रंथपाल सरांनी पडद्यावरची ओळ मोठ्यानं वाचली आणि ते हसले. खोली हसली. "बघा, किती खेळीमेळीनं राहायचे हे लोक."

ती ओळ माझ्या बापाची होती.

आमच्या ग्रंथालयात जुने कागद संगणकावर चढवायचं काम चालू आहे. मशीन हस्ताक्षर वाचतं, टाइप करतं, वर सारांशही देतं. आम्ही कंत्राटी बायका ते मूळ पानाशी ताडून 'बरोबर' दाबतो. म्हणजे नुसतं दाबतो. ताडायला वेळ कोण देतं?

त्या कागदांत आकुर्डीच्या कामगारांनी हातानं लिहिलेला एक अंक निघाला. बाप तिथल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होता. आमच्या लोकांसाठी पाण्याचा माठ वेगळा. टेबलावरच्या मूळ पानावर बापाच्या नावाखाली लिहिलं होतं, "आमी त्या येगळ्या माठाचं पानी पिणार न्हाई." मशीननं 'आमी'चं 'आम्ही' केलं, 'पानी'चं 'पाणी' केलं आणि 'न्हाई'चं 'भाई'. सारांश दिला: कामगारांचा मैत्रीपूर्ण संवाद. 'ध'चा 'मा' निदान कुणीतरी मुद्दाम केला होता. इथं कुणी काही केलंच नाही, म्हणून माफी मागायलाही कुणी नाही.

मी उठले. "सर, ते भाई नाही, न्हाई आहे. नकार आहे तो."

"मशीननं लाखो पानं वाचलीत, मॅडम. तुमच्या लोकांना जिथं तिथं अन्यायच दिसतो."

मी मूळ पान पुढं धरलं. त्यांनी पाहिलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आणि 'बरोबर' कुणी दाबलंय, ते वाचा."

माझं नाव होतं.

अंगावर थुंकल्यासारखं झालं. त्यांचा राग आला, त्याहून जास्त माझा आला. बापाचा नकार मी माझ्या बोटानं पुसला होता.

दुपारी जेवायला माझ्याजवळ कुणी बसलं नाही. माझ्यासोबत काम करणारी शबाना रोज माझ्या डब्यातली चटणी घेते. तीही लांब बसून मोबाइलमध्ये बघत राहिली. तिला दोष देत नाही, तिलाही नोकरी हवी आहे. मी डबा तसाच झाकला. बाप जाऊन बरीच वर्षं झाली, 'चुकले' असं ज्याला म्हणायचं तोच नव्हता. तेव्हा मनात आलं, त्यानं 'आमी' लिहिलंय, पण त्या दिवशी त्याच्या बाजूनं कितीजण उभे होते? त्यानं कधी सांगितलं नाही. मला वाटतं, तो एकटाच होता.

संध्याकाळी फॉर्म आला. 'सर्व पाने माणसाने तपासली आहेत.' खाली माझी सही हवी. मी सही केली नाही. लिहिलं, 'तपासली न्हाई.'

सर म्हणाले, "निदान शुद्ध तरी लिहा."

"मुद्दाम लिहिलंय, सर."

माझं भांडण मशीनशी नाही. त्यानं खुशाल वाचावं. पण पडद्यावर मूळ पान शेजारी दिसेपर्यंत आणि माणसानं ते खरोखर वाचेपर्यंत माझी सही मिळणार नाही. मी डोळे झाकून दाबलेलं प्रत्येक पान मी पुन्हा उघडणार. कामावरून काढलं तर रहाटणीहून बसनं येईन, वाचकाच्या खुर्चीत बसेन आणि पान मागेन. वरच्या साहेबांकडे अर्ज देईन. अर्जात 'आमी' लिहीन.

खाली सही एकच असेल.