ओयदिन-ओपांची तिजोरी

कोकंद शहराच्या प्रसूतिगृहात ओयदिन-ओपांनी, म्हणजे सगळ्यांच्या ओयदिनताईंनी, अडतीस वर्षं सुईणपण केलं. अर्धा मोहल्ला त्यांच्याच हातांवर जन्मलेला. नवरा गेला, मुलगी ताश्कंदला नांदायला गेली, आणि घरात उरल्या त्या आणि त्यांच्या आईची सोन्याची कर्णफुलं. ती गाद्यांच्या चळतीत लपवलेली असत. एकदा व्याही मुक्कामाला आले आणि नेमकी तीच गादी त्यांच्या वाट्याला आली. सकाळी ते कंबर धरून म्हणाले, "गादी झकास आहे विहीणबाई, फक्त कापसात खडे फार."

त्याच दिवशी ओपांनी बाजार गाठला. दुकानदार तुर्सुनबोयने दिवे लागणाऱ्या बटणांची एक चकचकीत तिजोरी पुढे ठेवली. ओपांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि सरळ दारापर्यंत नेली.

"ओपा, कुठे निघालात?"

"चोर कसा नेईल ते बघतेय. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला जमलं, त्याला काय जड?"

"अहो, ती जमिनीला बोल्टनं आवळायची असते."

"माझी जमीन मातीची. बोल्टसकट उपटून येईल. जड दाखव."

शेवटी जाड पत्र्याची, किल्लीची तिजोरी ठरली. एर्गश गवंड्याने कपाटाच्या आत जमीन खणून काँक्रीट ओतलं आणि ते सुकल्यावर बोल्ट आवळले. किल्ली ओपांच्या गळ्यात गेली.

"कुठे बोलायचं नाही," त्यांनी बजावलं. "तुझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण मी केलंय, लक्षात ठेव."

एर्गशने ते इतकं लक्षात ठेवलं, की फक्त बायकोलाच सांगितलं.

दोन दिवसांनी शेजारची होसियत गरम नान घेऊन आली. नानाखाली फडक्यात बांधलेल्या बांगड्या होत्या. "ओपा, एवढं ठेवा. प्रत्येक लग्नाला सून मागते. किती वेळा नाही म्हणू?"

संध्याकाळी तिची सून दिलफुजा आली. तिच्याही हातात पुरचुंडी. "माझा हार आहे. आत्यांच्या हाती लागला, तर नणंदेच्या गळ्यात जाईल. त्यांना मात्र कळू देऊ नका."

ओपांनी आयुष्यभर बायकांची गुपितं सांभाळली होती. दोन्ही पुरचुंड्या त्यांनी एकाच कप्प्यात शेजारी शेजारी ठेवल्या आणि हसू दाबत दार लावलं.

मग मोहल्ल्यात लग्न निघालं. लग्नाच्या दिवशी सकाळी होसियत आली. तिच्यासाठी ओपा चहा ओततात, तोच दिलफुजा दारात.

"मी आपलं रक्तदाब मोजून घ्यायला आले," होसियत घाईने म्हणाली.

"मीपण," दिलफुजा म्हणाली.

"तुला गं कधीपासून रक्तदाब?"

"तुमच्या घरात आल्यापासून, आत्या."

ओपा उठल्या, तिजोरी उघडली आणि दोन्ही पुरचुंड्या जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर नानाशेजारी ठेवल्या. मग होसियतने सुनेचा हार उचलून उजेडात धरला.

"छान आहे. कधी घातला का नाहीस?"

"तुम्ही बांगड्या कुठे घालता?"

होसियत आधी हसली. दिलफुजाला तर हसताना ठसकाच लागला. तिचा ठसका थांबल्यावर सासूने स्वतः तिच्या गळ्यात हार बांधला, एक बांगडी तिच्या हातात चढवली, आणि दोघी बरोबरच लग्नाला गेल्या.

आता दोघींची एकच पुरचुंडी तिजोरीत असते. सोमवारी सासू येते, गुरुवारी सून. दुसरीने काही नेलं तर नाही ना, एवढंच बघायला. ओपांना दोन्ही दिवशी गरम नान मिळतो, त्यामुळे त्यांची काही तक्रार नाही.