खालचा ट्रे

"सरकारच्या लेकी, घे तुझं पुराण."

असं म्हणून त्यानं काचेखालच्या फटीतून माझा लघुप्रबंध बाहेर ढकलला. बासष्ट पानं. वरची पाच-सात घसरून फरशीवर पडली. मी वाकले. गोळा करायला लागले. माझ्यामागं रांगेत दहा-बारा पोरंपोरी उभी होती. कुणीतरी हसलं. वाकलेल्या माणसाला कोण हसलं ते दिसत नाही. फक्त चपला दिसतात.

एक पान उलटं पडलं होतं. त्याच्या मागच्या बाजूला कुठल्यातरी परीक्षेचं जुनं वेळापत्रक. दुसऱ्याच्या मागं वसतिगृहाची नोटीस. तिसऱ्याच्या मागं कुणाच्यातरी नोकरीचा अर्ज. सगळी बासष्ट पानं एका बाजूनं आधीच वापरलेली. त्या रद्दीच्या पाठीवर माझं वर्षभराचं काम छापून आलं होतं.

मी म्हणाले, "सर, हा लघुप्रबंध आहे. आज पाचला जमा करायचाय. कोऱ्या कागदावर द्या ना."

"कोरे बाहेर मिळतात. फुकटात शिकायचं, अन् वरून कोरे पाहिजेत."

"कार्डातून पैसे कापलेत सर."

"ते पण आमच्याच टॅक्सचे."

आता सगळी रांग हसली. मी पानं छातीशी धरली आणि बाजूला झाले. दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल. लॅबमध्ये एसी चालू होता, तरी माझ्या कानातून वाफा निघत होत्या.

त्याचं नाव मी लिहिणार नाही. विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमधला असिस्टंट, एवढं पुरे. काचेआड बसतो. प्रिंटर त्याच्या मागं. आपण आपल्या लॉगिननं इकडून प्रिंट दिली की कार्डातले पैसे लगेच कापले जातात, पण मशीन लगेच चालत नाही. आधी त्याच्या स्क्रीनवर नाव जातं. पूर्ण नाव, आडनावासकट. वर्ग, पानं. त्यानं बटण दाबलं की मग छपाई. प्रिंटरला दोन ट्रे. वरचा आणि खालचा. हे सगळं आज मला पाठ आहे. तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा मला इतकंच माहीत होतं की लॅबची प्रिंट मागून छापलेल्या कागदावर येते.

सगळ्यांचीच येते, असं मी धरून चालले होते. दोन वर्षं.

माझी पहिली असाइनमेंट मी पडेगावला घरी नेली होती. माझे वडील, अप्पा, चिकलठाण्याच्या एका कंपनीत माल चढवायला-उतरवायला जातात. आठवीपर्यंत शिकलेले. त्यांनी हात धुऊन, पुसून कागद हातात घेतला. छापलेल्या माझ्या नावावरून बोट फिरवलं. मग उलटा केला.

"मागं काय छापलंय गं हे?"

"अप्पा, विद्यापीठात कागद वाचवतात. एका बाजूनं वापरलेला फेकत नाहीत. झाडं वाचतात त्यानं."

"लई शहाणी माणसं हायेत," अप्पा म्हणाले.

हे मी माझ्या तोंडानं सांगितलं. माझा अपमान मी माझ्या बापाला चांगली सवय म्हणून शिकवला. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

विभागातल्या मॅडमनी तर वर्गात माझी असाइनमेंट वर धरून दाखवली होती. म्हणाल्या, "हिच्याकडून शिका. परिस्थिती नाही, पण काटकसर बघा." त्यांना वाटलं होतं मी घरून रद्दी आणून देते. मला वाटलं त्या माझ्या साध्या राहणीचं कौतुक करतायत. मी लाजून हसले. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

त्या एप्रिलच्या दुपारी पानं छातीशी धरून मी लॅबच्या कोपऱ्यात बसले. शेजारच्या कॉम्प्युटरवर स्नेहल होती. माझ्याच वर्गातली. कन्नडकडची, घरी बागायत, भाऊ शहरात इंजिनियर. स्वभावानं वाईट नाही. मला ती डब्यातलं द्यायची, माझ्या डब्यातलं मात्र कधी घ्यायची नाही. पोट भरलंय म्हणायची. तिनं माझी पानं बघितली.

"अगं, तुझे असे कसे आले? मागं घाण छापलेली."

"सगळ्यांचे असेच येतात की."

"नाय गं. माझे तर कोरे आलेत. हे बघ ना, आत्ताच दिले त्यानं."

तिनं गठ्ठा उलटा केला. पांढरा. पानामागून पान पांढरं. मी विचारलं, "याआधी?"

"याआधी पण कोरेच यायचे. मला कधीच नाय आले असले."

मी जागेवरून उठले आणि रांगेतल्या तिघांचे कागद बघायला मागितले. दोघांचे कोरे होते. तिसरा मुलगा भोकरदनकडचा, लाजरा, त्याच्या पिशवीला निळ्या दोऱ्यानं जयभीम विणलेलं. त्याचे कागद मागून छापलेले. म्हणाला, "ताई, इथं अशीच पद्धत हाय ना?"

मी परत जागेवर आले. स्नेहलला म्हणाले, "तुझ्या लॉगिननं माझं एकच पान सोड."

ती जरा घुटमळली. मग पासवर्ड टाकला. मी काचेजवळ जाऊन उभी राहिले. त्यानं स्क्रीनवर बघितलं, बटण दाबलं. पान आलं. कोरं. त्यानं आवाज दिला, "स्नेहल मॅडम." मग मी माझ्या लॉगिननं तेच पान सोडलं आणि पुन्हा काचेला जाऊन चिकटले. त्यानं स्क्रीनवर बघितलं. माऊस हलवला, काहीतरी बदललं, मग बटण दाबलं. खालच्या ट्रेचा खडखड आवाज झाला. पान आलं. मागच्या बाजूला कसल्यातरी सेमिनारची हजेरी.

एकच पान. एकच मशीन. मधे फक्त आडनाव.

"खालचा ट्रे कुणासाठी आहे?" मी विचारलं. सर म्हटलं नाही. त्या दिवसापासून त्याला कधीच म्हटलं नाही.

"मशीनचं असतं ते."

"मशीनला आडनाव वाचता येतं?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. खुर्ची मागं सारून तो उभा राहिला. "आवाज खाली. अट्रॉसिटी टाकायची का? जा, टाक. लई पाहिल्या तुझ्यासारख्या. पाच वाजता दार बंद झाल्यावर बोंबलत बसशील."

त्याचं एवढं खरं होतं. अडीच वाजले होते. पाचनंतर विभाग काही घेणार नव्हता. वर्ष गेलं असतं. वर्ष म्हणजे अप्पांच्या पाठीवरचं अजून एक वर्ष.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. स्नेहल मागोमाग आली. हळू आवाजात म्हणाली, "असं कर. माझ्या लॉगिननं सगळं काढ. कोरे येतील. अर्ध्या तासाचं काम हाय. बाइंडिंग करून चारला जमा करून टाकू. कशाला डोकं लावतीस त्याच्याशी?"

किती सोपं होतं ते. मी जवळजवळ उठलेच होते.

माझा विषय पिशोरच्या विहिरी. माझं आजोळ पिशोर. वर्षभर सुट्टीच्या दिवशी एसटीनं जाऊन, टेप आणि दोरी घेऊन मी शेताशेतांतून फिरले होते. पाणी किती खोल गेलंय ते मोजत. दोन शेतांत मला विहिरीच्या काठाला येऊ दिलं नाही. "लांबूनच बघ," म्हणाले. त्या दोन विहिरींपुढं मी तक्त्यात 'मोजता आली नाही' एवढंच लिहिलं. का, ते लिहिलं नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, तो आपला विषय नाही. मी ऐकलं होतं.

त्या दोन विहिरींचं पान बघावं म्हणून मी गठ्ठा चाळला. सदतिसावं पान. सहज उलटलं.

मागच्या बाजूला फ्रीशिपच्या, म्हणजे फीमाफीच्या, अर्जदारांची यादी होती. नाव, वडिलांचं नाव, जात, वडिलांचा व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. अठराव्या ओळीत मी. माझ्यापुढं अप्पांचं पूर्ण नाव. त्यापुढं आमची जात. आजोबांनी ती सोडून धम्म घेतला त्याला एक आयुष्य झालं, रकाना मात्र जुनंच मागतो. त्यापुढं: मजूर.

ही यादी खालच्या ट्रेत पडून होती. तिची बाकीची पानं कुणाकुणाच्या असाइनमेंटच्या पाठीवर गेली असतील, कुणी वाचली असतील, कुणास ठाऊक. माझ्या वाट्याला माझंच पान आलं. माझ्या बापाचं नाव रद्दीत होतं आणि त्याच्या पाठीवर मी विहिरींची खोली लिहिली होती.

मला रडू आलं. तेही लिहून ठेवते. खूप रडले. स्नेहलनं खांद्यावर हात ठेवला. मी तो बाजूला केला.

"नको," म्हणाले.

"काय नको?"

"तुझं आडनाव नको. हेच जमा करणार."

"येडी हायेस का तू? मी तुझ्या चांगल्यासाठीच म्हणायले ना."

"माहितीये."

मी एका कागदावर अर्ज लिहिला. हातानं. चारच ओळी. दोन लॉगिननं काढलेलं एकच पान सोबत जोडत आहे, दोन्ही उलटून पाहावीत, खालचा ट्रे कुणासाठी आहे याचं लेखी उत्तर मिळावं. त्याच्यामागं ती दोन पानं लावली. मग बासष्ट पानांचा गठ्ठा तसाच बांधायला दिला. बाइंडिंगवाले चाचा म्हणाले, "बेटा, ये तो रद्दी है." मी म्हणाले, "चाचा, ऐसाच बांधो."

साडेचारला विभागात गेले. मॅडमनी गठ्ठा उघडला, मिटला. आवाज अगदी मऊ होता त्यांचा. "अगं, बाहेरून काढून आण ना. अजून अर्धा तास आहे. हट्टानं स्वतःचंच नुकसान करतेस. आणि अर्ज वगैरे कशाला? त्याच्याशी मी बोलते."

"मॅडम, दोन वर्षं तुम्ही हे कागद हातात घेतलेत. एकदा तरी विचारलंत का, असे का येतात?"

त्या म्हणाल्या, "मला वाटलं, तुमची परिस्थिती..."

त्यांनी गठ्ठा जमा करून घेतला. मी क्लार्कपुढं अर्ज ठेवला. आवकचा शिक्का मारून घेतल्याशिवाय हलले नाही. पाचला पाच कमी असताना शिक्का पडला.

आता पुढचं ऐका. मांडणीच्या गुणांत मला शून्य मिळालं. कारण लिहिलं होतं: कागद निकषानुसार नाही. फर्स्ट क्लास तेवढ्यानं हुकला. चौकशी झाली. तिघांची समिती, चहा, बिस्किटं. खालच्या ट्रेमध्ये तांत्रिक दोष होता, असं ठरलं. भोकरदनच्या मुलानं साक्ष दिली, पुढच्या वर्षी त्याला वसतिगृहात खोली मिळाली नाही. स्नेहलला बोलावलं. ती समितीपुढं म्हणाली, "मला नीट आठवत नाही." बाहेर आल्यावर माझ्याकडं न बघता चप्पल घातली आणि गेली. तिच्या लॉगिननं निघालेलं ते पांढरं पान समितीच्या फाइलमधून गहाळ झालं. असिस्टंट अजून तिथंच बसतो. मी दिसले की मुद्दाम कोऱ्या कागदांचं पाकीट उचलून टेबलावर आपटतो.

निकालाच्या दिवशी तपासून परत मिळालेला तोच लघुप्रबंध मी घरी नेला आणि अप्पांना सगळं सांगितलं. झाडांचंही. ती थाप नव्हती अप्पा, मला तसंच वाटायचं, हेही. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी सदतिसावं पान काढायला लावलं. उलटलं. अठराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे माझंच नाव ना?"

"व्हय."

"मजूर लिवलंय."

"व्हय."

त्यांनी पान मिटलं. मग म्हणाले, "मला शहाणी माणसं वाटली व्हती गं ती."

त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीला गेले. त्या एका वाक्याची भरपाई कुठली समिती करणार आहे?

मी आता त्याच विद्यापीठात पीएचडीला आहे. फर्स्ट क्लास नसताना कशी मिळवली ती वेगळी लढाई. विषय तोच, विहिरी. पण या वेळी त्या दोन विहिरींपुढं 'मोजता आली नाही' एवढंच लिहिणार नाही. कुणाच्या शेतात, कुणी अडवलं, काय शब्द वापरले, सगळं तक्त्यात घेणार. गाईड म्हणाले, हा आपला विषय नाही. मी म्हणाले, माझा आहे.

आणि दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत मी लॅबच्या दाराबाहेर उभी राहते. नवी पोरं खेड्यापाड्यांतून येतात, नव्या कार्डाला जपत, पहिल्या प्रिंटचा आनंद तोंडावर घेऊन. मी प्रत्येकाला थांबवते. गोड बोलत नाही. म्हणते, कागद उलटा कर. मागं काही छापलेलं असेल तर आत जा, काचेवर हात मार आणि कोरा माग. एकटं वाटलं तर मला हाक मार.

परवा एका मुलीनं कागद उलटा केला. छापलेला होता. ती म्हणाली, "राहू द्या ताई, चालतंय."

मी तिचा दंड धरला आणि तिला आत घेऊन गेले.