सोनाळ्याला न गेलेला डॉक्टर

बायकोला माझ्या सगळ्या खोड्या पाठ आहेत, पण ही एक गोष्ट तिच्याही कानावर गेलेली नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मला नीट कळत नाही.

आधी थोडी बढाई मारू द्या. बुलढाण्याशेजारच्या जिल्ह्यातल्या आमच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात एमडी करायला आलेल्या निवासी डॉक्टरांना संशोधनाची गोडी मी लावली. वॉर्डात राबून दमलेली पोरं ती. थिसिस म्हटलं की कपाळाला आठ्या. मी एकच सांगायचो—पेशंट घरी गेला म्हणजे आजार संपला असं समजू नका, त्याच्या दारात जाऊन बघा. आज ती पोरं परिषदांमध्ये आपलं काम वाचतात, तेव्हा मी पहिल्या रांगेत छाती फुगवून बसतो. आणि त्यांत सगळ्यांत वर डॉ. फरहीन. देऊळघाटच्या टेलरची मुलगी. हट्टी, काटेकोर, माझ्याशीही वाद घालणारी. तिचा अभिमान मी लपवत नाही—का लपवू?

आता ते सांगतो.

मी स्वतः एमडी करत होतो तेव्हा बोंडअळीला दाद न देणारी बीटी कपाशी नवी होती. फवारणी आता संपलीच, असं लोक म्हणत. बोंडअळीची कमी झालीही असेल, पण मावा-तुडतुड्यांसारख्या किडींसाठी ती चालूच होती, आणि तिच्यानं विषबाधा झालेली माणसं वॉर्डात येतच होती. माझा थिसिस त्यांच्यावर होता. या विषाची एक खोड असते—माणूस बरा होऊन घरी जातो आणि काही आठवड्यांनी कधीकधी त्याच्या पायांतली ताकद जाते. म्हणून तीन महिन्यांनी प्रत्येकाला घरी जाऊन तपासायचं होतं. माझ्या कामाचा जीव तेवढ्यातच होता.

कमलाबाई सोनाळ्याची. फवारणीचं औषध ड्रममध्ये हातानंच कालवायची. आमच्याकडून बरी होऊन, स्वतःच्या पायांनी चालत घरी गेली. दारात वळून मला हात जोडले होते.

तीन महिन्यांनी मी निघालो. शेगावला गाडी बदलायची होती. स्टँडसमोर कचोरी घेतली. सोनाळ्याची एसटी लागली, भरली, कंडक्टरनं घंटी मारली—आणि मी उठलो नाही. अंगात ताप होता? नव्हता. पाऊस होता? तोही नाही. गुडघ्यावर तिचा फॉर्म ठेवला आणि लिहिलं : चालणे—ठीक. पायांतली ताकद—ठीक. चालत गेली होती ना? मग चालतच असेल. कोपऱ्यावर माझ्या अंगठ्याचा तेलकट डाग उमटला.

थिसिसचं कौतुक झालं. एकही पेशंट सुटला नाही, असं परीक्षक खास म्हणाले. मी मान खाली घालून हसलो. लोकांना तो विनय वाटला.

बऱ्याच वर्षांनी फरहीननं त्याच पेशंटांना पुन्हा शोधायचं ठरवलं. जुन्या फॉर्मांचा गठ्ठा मीच तिच्या हाती दिला, तोही ऐटीत. विसरलो होतो? नाही. इतक्या जुन्या गोष्टीला कोण हात लावतंय, असं वाटलं होतं.

ती सोनाळ्याला जाऊन आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली. कमलाबाईला काठीशिवाय उठता येत नव्हतं. तिचं बोलणं फरहीननं जसंच्या तसं उतरवून आणलं होतं, ते वाचून दाखवलं : "घरी आल्यावर महिन्यातच माहे पाय गेले, बाई. मले पाहाले कोनी आलंच नाही." मग तिनं तो डाग पडलेला फॉर्म पुढे ठेवला.

"सर, यावर तर ठीक लिहिलंय. कोणाचं खरं धरू?"

किती सरळ प्रश्न! दार उघडून धरलं होतं पोरीनं माझ्यासाठी. आणि मी म्हणालो, "इतक्या वर्षांनी लोकांना काय आठवतं, फरहीन? लिहिलेलं खरं धर."

एरवी वाद घालणारी ती; त्या दिवशी तिनं घातला नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून. तिच्या शोधनिबंधात कमलाबाईचे पाय 'नंतरच्या दुसऱ्या कारणाने' गेले आणि ती हिशेबातून बाहेर पडली. खाली गाईड म्हणून माझी सही आहे. एकदा मी त्या बाईला न बघता धडधाकट केलं, आणि दुसऱ्यांदा खोटारडी ठरवलं.

फरहीन आता स्वतः गाईड आहे. परवा तिच्या कॉलेजनं मला बोलावलं होतं. पेशंटच्या दारात जा, हे मला सरांनी शिकवलं—असं ती भर सभेत म्हणाली. टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली. खरंच फुगली, तेव्हासुद्धा.

फॉर्म माझ्या कपाटात आहे. कमलाबाई सोनाळ्यात आहे. शेगावहून गाडी अजूनही सुटते. मी अजून गेलेलो नाही.