टाकीतला समुद्रतळ

आमच्या कॉलेजच्या माती तपासायच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. इथं सँपलच्या डब्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे कांबळे मॅडमचे. समुद्राच्या तळावर रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी गाडी न्यायची, तर तिथली माती किती वजन पेलेल, हे त्या शोधतात. तेही कोल्हापुरात बसून.

*

तळातल्या मातीचा पहिला डबा आला, तेव्हा वॉचमननं झाकण उघडून मला फोन केला. "कुणीतरी नासलेलं श्रीखंड पाठवलंय."

मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "बरोबर ओळखलं की त्यांनी. माती एवढीच घट्ट हाय."

*

तसाच चिखल मोठ्या टाकीत बनवायचा होता. यंत्रानं गुठळ्या राहायच्या, म्हणून मॅडम स्वतः हातानं कालवत बसल्या. तेवढ्यात प्रिन्सिपॉलसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी मलाच विचारलं, "प्रोफेसर कुठं आहेत?"

खांद्यापर्यंत माखलेला हात टाकीतून वर आला. "हितं हाय. हात तेवढा मिळवू नका, पावणं."

*

टाकीत चालवून बघायला गाडीचं छोटं मॉडेल करायचं होतं, पण त्याचे पट्टे एवढे बारीक कुणी करून देईना. मॅडम ड्रॉइंग घेऊन हुपरीला गेल्या, पैंजण करणाऱ्या एका अण्णांकडं. अण्णांनी कागद उलटसुलट बघितला.

"घुंगरं किती लावायची?"

"घुंगरं न्हाईत. दातं पायजेत."

अण्णांनी पितळेचा असा पट्टा केला, की कडीन् कडी पाण्यासारखी वळायची. देताना म्हणाले, "एवढ्या जाड पायाची बाई आजवर बघितली न्हाय."

*

पहिल्याच चाचणीत ती गाडी टाकीत रुतली. कित्येक महिन्यांची मेहनत! मॅडमनी चिखलात फूटपट्टी घातली, खोली मोजली, वहीत लिहिली.

"कुठं बुडती ते कळलं. आता पट्टा रुंद करू."

चौथ्या वेळी गाडी टाकीच्या या टोकापासून त्या टोकाला गेली. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हात चिखलाचे होते, हे आम्ही कुणीच सांगितलं नाही.

*

मग खरी गाडी बनवणाऱ्या कंपनीचे साहेब आले. त्यांची गाडी आधीच तयार होती, आणि मॅडमच्या हिशेबानं फार जड होती. तसा रिपोर्ट गेला तर त्यांचं काम पुन्हा पहिल्यापासून. आणि पैसा त्यांचाच, साहेब चिडले, तर आमचं प्रोजेक्ट बंद.

"मॅडम, मातीची ताकद थोडी वाढवून लिहा. खाली कोण बघायला जातंय?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "साहेब, बूट काढा. टाकीत उतरा."

साहेब हसत उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. एक पाय काढायला जावं, तर दुसरा आणखी खाली. मॅडमनी रिपोर्ट आणि पेन त्यांच्या हातात दिलं.

"आता सांगा, किती वाढवून लिहू?"

साहेबांनी आहे त्याच आकड्याखाली तिथंच उभ्यानं सही केली.