काकूंच्या गुडघ्याची जबानी

एके सकाळी शुगर लँडहून ह्यूस्टनकडे जाणारा फ्रीवे नेहमीसारखा तुंबला होता आणि मी गाडीत एकटीच मोठमोठ्याने भाषण ठोकत होते. ज्यूरीसमोर! खरं म्हणजे मी वकील नव्हते. माझी नागपूरची लॉची डिग्री इथे कुणी विचारत नव्हतं, म्हणून एक कोर्स करून मी डाउनटाउनमधल्या एका फर्ममध्ये पॅरालीगल झाले होते. कोर्टात उभे राहणार वकील, आणि त्यांना लागणारे कागद, एक्सरे आणि माणसं वेळेवर हजर करणार मी. पण भाषणाची खुमखुमी काही जात नव्हती, आणि गाडी बिचारी सगळं ऐकून घ्यायची.

ही २००३ सालची गोष्ट. कृत्रिम सांधे बनवणाऱ्या एका कंपनीचे गुडघ्याचे काही सांधे सदोष निघाले होते. ऑपरेशन करून बसवले तरी हाड त्यांना धरत नसे, सांधा आतल्या आत सैल राहायचा. असे शेकडो लोक होते आणि त्यातले बरेचसे आमच्या फर्मकडे आले होते. खटले दोन वर्षं नुसते रांगत होते. आधी कुठल्या कोर्टात चालवायचे यावर भांडण, मग कंपनीने कुठले कागद दाखवायचे यावर. तारीख पुढे गेली की मी घरी येऊन भांडी आपटायचे. शेवटी जजसाहेबच वैतागले. सगळे खटले चालवायला हा जन्म पुरायचा नाही, तेव्हा मोजके खटले निवडा, ते आधी ज्यूरीपुढे चालवू, त्यावरून बाकीच्यांचं काय करायचं ते दोन्ही बाजूंना कळेल, असा हुकूम निघाला. नमुना खटले! त्या दिवशी ऑफिसात डोनटचे खोके आले आणि मी भाषणाची तयारी आणखी जोरात सुरू केली.

त्या शेकडो लोकांत एक आमच्या काकू होत्या. नात्याने कुणी नाही. माझ्या मागच्या गल्लीत राहायच्या आणि मंडळाच्या गणपतीला सगळ्यांसाठी बटाटेवडे करायच्या. वडे कसे, तर सगळे एकसारखे, गोल गरगरीत. कुणी मदतीला गेलं की काकू त्याला आधी हात धुवायला पाठवत, आणि तो परत येईपर्यंत सगळे वडे वळून झालेले असत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि हे सगळं बंद पडलं. त्यातच काकांची तेल कंपनीतली इंजिनिअरची नोकरी कपातीत गेली आणि तिच्याबरोबर इन्शुरन्सही गेला. सैल सांधा काढून दुसरा बसवायचा तर त्याचे पैसे खटल्यातूनच यायला हवे होते. खटला हरलो, तर काकूंना उरलेलं आयुष्य त्या डगमगत्या गुडघ्यावर काढावं लागणार होतं.

म्हणून नमुना खटल्यांची यादी ठरवायच्या मीटिंगमध्ये काकूंच्या खटल्याची पाळी आली तेव्हा मी खुर्चीतून उभीच राहिले. आमच्या मुख्य वकीलबाई सडपातळ, पिकल्या केसांच्या, आणि हसणं त्यांना फारसं मान्य नसे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टरच्या नोंदी वाचल्यास का?" त्यांनी विचारलं. "प्रत्येक भेटीत तेच लिहिलंय. वेदना किरकोळ. पेशंट म्हणते, मी ठीक आहे."

"आमच्या बायका असंच सांगतात," मी म्हटलं. "पाय तुटून हातात आला तरी त्या ठीकच असतात."

"हे ज्यूरीला मी सांगून चालणार नाही. तिनेच सांगायला हवं. कोर्टात जाण्याआधी कंपनीचा वकील तिची शपथेवर जबानी घेणार आहे. तिथे ती बोलली, तर तिचा खटला पहिला घेऊ. नाही बोलली, तर कंपनी याच नोंदी जजपुढे ठेवून खटला उडवून लावेल."

मग काय, रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट काकूंच्या घरी. मी व्हायचे कंपनीचा वकील, काकू सोफ्यावर पाय लांब करून बसायच्या, आणि आतून काकांचा भांडी घासण्याचा आवाज यायचा.

"काकू, गुडघा दुखतो का?"

"चालायचंच."

"शपथेवर 'चालायचंच' सांगायचं नाही हो!"

"मग काय सांगू? परक्या माणसासमोर बसून गळे काढू?"

"गळे काढू नका, नुसतं खरं सांगा. एक्झॅक्टली काय होतं ते."

"अगं, लोकांना काय काय होतं. कॅन्सर होतो, हार्ट अटॅक येतो. माझं आपलं एवढंसं गुडघ्याचं. त्याचं काय कौतुक सांगायचं?"

"मी सांगू का?" काकांनी आतून विचारलं.

"गुडघा माझा आहे," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

मी इतकी तडकले की चहा न पिता निघाले. मागून काकूंनी काकांना दामटून डब्यात चिवडा भरून पाठवला, तो मात्र घेतला.

जबानीचा दिवस उजाडला. ह्यूस्टनचा उन्हाळा, पार्किंगपासून आमच्या ऑफिसच्या दारापर्यंत जाईतो अंगाला कपडे चिकटले, आणि आत एसी असा की दात वाजावेत. लांबलचक टेबल, एका टोकाला व्हिडिओ कॅमेरा, बोललेला शब्द न् शब्द टिपून घेणारी स्टेनो. काकू काठापदराची साडी नेसून आल्या होत्या. कंपनीचा वकील उंचापुरा टेक्सन गडी, पायांत चकचकीत बूट, आणि बोलणं असं मऊ की मला पहिल्या वाक्यालाच त्याचा राग आला. काकांना बाहेर बसवलं होतं. मी कोपऱ्यातली खुर्ची पकडली.

काकूंचं इंग्रजी चांगलं होतं. तेच नडलं, दुभाष्यासाठी थांबावं लागलं नाही आणि उत्तरं फटाफट निघाली. तुम्ही चालता का? हो. जिना चढता? हो. झोप लागते? लागते की. स्वयंपाक? होतो. देवळात जाता? दर रविवारी. प्रत्येक 'हो' बरोबर तो मान डोलवायचा, जणू काकूंच्या तब्येतीचा त्याला मनापासून आनंद झालाय. आमच्या वकीलबाई पिवळ्या पॅडवर एकाखाली एक रेघा ओढत होत्या. मला तर उठून काकूंना गदागदा हलवावंसं वाटत होतं. लंचची सुट्टी झाली तेव्हा खटला आमच्या हातातून जवळजवळ गेला होता.

आणि काकूंनी काय करावं? काकांना आत बोलावलं, त्यांच्या खांद्यावरची पिशवी उघडली, आणि फॉइलचे दोन ट्रे भरून बटाटेवडे टेबलावर मांडले. बरोबर हिरवी चटणी.

"त्या वकिलाला नेऊन दे," त्या मला म्हणाल्या.

"काकू! तो आपल्या विरुद्ध आहे!"

"असेना. सकाळपासून एकटा बोलतोय बिचारा. भूक लागली असेल."

मी दात-ओठ खात प्लेट नेली. बिचारा एकामागून एक वडे चेपत होता. स्टेनोने खाल्ले, कॅमेरावाल्याने खाल्ले. मला घास उतरेना. वडे त्या दिवशी वेडेवाकडेच होते, एक चपटा तर एक लांबोडका, पण माझं लक्ष कुठे होतं तिकडे!

काका बाहेर गेले, कॅमेरा पुन्हा सुरू झाला. वकिलाने रुमालाने बोटं पुसली.

"मॅडम, जेवण अप्रतिम होतं. हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?"

एवढ्या लोकांसाठी तळण काढणाऱ्या बाईचा गुडघा निकामी आहे असं कुठली ज्यूरी मानेल? वकीलबाईंचं पेन थांबलं. एक 'हो', की सगळं संपलं.

काकूंनी मात्र ट्रेमध्ये उरलेल्या वड्यांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहराच बदलला. असा चेहरा मी मंडळाच्या स्वयंपाकघरात पाहिला होता, कुणी त्यांच्या सारणात साखर घातली तेव्हा.

"नाही," त्या ठणकावून म्हणाल्या. "असले वडे मी करत नाही. हे माझ्या मिस्टरांनी केलेत. त्यांना गोल वळता येत नाहीत. कृपा करून हे माझे म्हणून लिहू नका."

स्टेनो हसू दाबत होती. वकीलही हसला, आणि हसता हसता त्याच्या तोंडून निघून गेलं, "मग तुम्ही का नाही केलेत?"

"उभं राहवत नाही म्हणून."

आमच्या वकीलबाईंनी पॅडचं पान उलटलं.

"कढईपुढे उभी राहिले की पाय खालून निघूनच जातो," काकू सांगू लागल्या. "एकदा तापलेल्या तेलापाशी तसं झालं. तेव्हापासून मिस्टर मला गॅसजवळ येऊ देत नाहीत."

"पण सकाळी तुम्ही म्हणालात, स्वयंपाक होतो."

"होतो ना. मी बसून भाजी चिरते, ते फोडणीला टाकतात. जिनासुद्धा चढते मी. बसून चढते, एकेक पायरी, रांगणाऱ्या मुलासारखी. म्हणून रात्री वर जातच नाही. खाली खुर्चीत झोपते."

आता वकिलाच्या बोलण्यातला मऊपणा गेला होता. "मग डॉक्टरला प्रत्येक वेळी 'मी ठीक आहे' का सांगितलंत?"

काकूंना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ते विचारतात, कशा आहात. कुणी असं विचारलं तर ठीक आहे म्हणायचं असतं."

त्याने घाईघाईने प्रश्न संपवले. आमच्या वकीलबाईंची पाळी आली. त्यांनी पॅड बाजूला सारलं आणि एकच प्रश्न विचारला. "दुखतं का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे. "हो," त्या म्हणाल्या. "फार दुखतं." आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मीही रडले, पण खरं सांगते, त्याच क्षणी मला टेबलावर चढून शिट्टी मारावीशी वाटत होती.

काकूंचा खटला यादीत पहिला लागला. पुढचे महिने ऑफिसात नुसती धमाल! गुडघ्याची मोठमोठी चित्रं छापून आली, साक्षीदारांची विमानाची तिकिटं मी काढली, वकीलबाई आरशासमोर भाषण करताना मी चोरून ऐकलं. माझं गाडीतलं त्याहून बरं होतं. आणि ज्यूरी निवडायचा सोमवार तोंडावर आला असताना शुक्रवारी कंपनीने हात टेकले. सगळ्या खटल्यांत तडजोड! ऑफिसात आरडाओरडा, टाळ्या, वकीलबाई चक्क हसल्या. आनंदाने मी वेडी झाले होते, तरी मनात कुठेतरी खट्टू झाले, कारण ज्यूरी काही बघायला मिळाली नाही.

मी काकूंना फोन लावला. ऑपरेशन होणार, पैसे मिळणार, एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे आता कोर्टात नाही जायचं?" काकू म्हणाल्या. "मी साडीला इस्त्री करून ठेवली होती गं."

नवा सांधा बसला. त्यानंतर महिनोन् महिने व्यायाम चालले, आणि काकूंचा मुक्काम घरातच होता. पुढच्या गणपतीत मंडळाच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात मी शिरले, तर काकू ओट्याशी.

"गुडघा कसा आहे, काकू?"

"ठीक आहे गं."

माझं डोकंच फिरलं. एवढी जबानी झाली, एवढा खटला झाला, आणि पुन्हा आपलं तेच! आता या बाईवर विश्वास ठेवायचा तरी कसा? मी पर्स फेकली, बाह्या सरसावल्या आणि म्हटलं, "तुम्ही बसा बघू. मी वळते वडे."

"आधी हात धुऊन ये," काकू म्हणाल्या.

मी हात धुऊन आले. सगळे वडे वळून झाले होते.