वारा थांबला तेव्हा

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे, असे कोणी विचारले तर मी शेपअण्णांचे नाव घेतो. हे त्यांचे खरे नाव नव्हे. खरे नाव शाळेच्या हजेरीपटावर होते, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. बेळगावात कॅम्पातल्या आमच्या शाळेचे मैदान ते राखत. काही चांगले घडले की दोन्ही तळवे जमिनीकडे करून, अंथरुणावरची सुरकुती काढावी तसे ते हात झपकन दोन्ही बाजूंना पसरत आणि म्हणत, "शेप!"

गाय सुखरूप व्याली, शेप. हेडमास्तरांचा ताप उतरला, शेप. आम्हा मराठी मुलांना वाटे, हा कानडी शब्द असावा. कानडी मुलांना वाटे, मराठी असावा. पुष्कळ दिवसांनी कळले की तो इंग्रजी ‘सेफ’ आहे आणि धावणारा गडी बाद होता होता वाचला की असे हात पसरणारा पंच अमेरिकेतल्या बेसबॉल नावाच्या खेळात असतो. दूरदेशीची एखादी खूण अंगावर राहून गेलेली माणसे तुम्हीही पाहिली असतील. अण्णांच्या अंगावर ती हातांत राहिली होती.

अण्णा मूळचे काकतीचे. पहिल्या महायुद्धाच्या आधी ते आणि त्यांच्याच गावचा तुकाराम नावाचा तरुण मुंबईला गेले, बोटीवर कोळसा टाकायच्या कामाला लागले आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका बंदरात उतरले ते बोटीवर परत चढलेच नाहीत. तिथे त्यांनी बेसबॉलच्या मैदानावर भाजलेल्या शेंगा विकल्या.

"आमास्नी आत बसाय परवानगी न्हवती. काळी माणसं म्हणून," अण्णा सांगत. "पर शेंगा घिऊन फिराय सोडायचे. मग काय, बसणाऱ्यांपरास आमीच जास्त मॅच बघितली."

शाळेत क्रिकेट चाले. अण्णा रोलर ओढता ओढता थांबून नाक मुरडत. "ह्या टोकावरनं त्या टोकाला गेलं की झाली धाव. त्यात काय! तितं तीन ठाणी फिरून परत घराला यावं लागतंय. जितनं निघालास तितं पाय लागंपत्तोर धाव न्हाई."

"आणि बरोबरी झाली तर, अण्णा?"

"हुईतच न्हाई. कुणीतरी हरंपत्तोर घरी सोडत न्हाईत."

एकदा त्यांनी सांगितले की तिथे बेस, म्हणजे पुढचे ठाणे, चोरता येतो आणि चोरला की लोक टाळ्या वाजवतात. हे मराठीच्या मास्तरांच्या कानावर गेले. मुलांसमोर असले काही बोलू नये, अशी त्यांनी अण्णांना ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी अण्णा मोसंबे घेऊन आले आणि त्याच्या सालीवर नखाने टाके काढून दाखवू लागले. "बॉलला टाके किती असत्यात, सांगा बघू. एकशेआठ! जपमाळंएवढं. जावा, सांगा तुमच्या मास्तरला." मास्तरांनी हे ऐकले आणि त्यानंतर त्या खेळाविषयी त्यांची काही तक्रार राहिली नाही.

अण्णांना वाचता येत नव्हते. पण इंग्रजी कानाला पक्के होते. मी शहापूरच्या विणकराचा मुलगा. घरात मागाचा खडखडाट, म्हणून संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून मोठ्याने धडे वाचत असे. अण्णा गवत काढता काढता ऐकत. मध्येच म्हणत, "हितं अडखळलास. म्हंजे तुला समजलं न्हाई. परत वाच." ते नेमके तेच वाक्य असे.

पाचवी इंग्रजी झाल्यावर वडिलांनी मला मागावर बसवायचे ठरवले. अण्णा ते ऐकून आमच्या घरी आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"पोरगं तिसऱ्या बेसवर हाय, आप्पा. हितनं माघारी फिरवलासा तर आदी पळालेलं समदं फुकट."

"बेस म्हंजे?" वडिलांनी विचारले.

"मॅट्रिकच्या अलीकडं असतंय."

ती काही सरकारी परीक्षा असावी असे वडिलांना वाटले. ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मला आणखी दोन वर्षे दिली. मी पदवीधर झालो तो त्या न समजलेल्या शब्दामुळे.

आता वादळाची गोष्ट.

ती अण्णा क्वचित सांगत आणि नेहमी एकाच चालीत सांगत. त्या बंदरावर समुद्राकडून एक प्रचंड वादळ आले. अण्णा आणि तुकाराम एका विटांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर बसून राहिले. घरांची छपरे कागदासारखी उडत होती. मग अचानक वारा थांबला. वर निळे आभाळ दिसू लागले. "वादळाला डोळा असतोय. त्यो आपल्यावर आला की वाटतंय, संपलं. न्हाई संपलेलं." शेंगांचे पोते मैदानावर राहिले होते. ते आणायला तुकाराम निघाला. अण्णांनी ‘जाऊ नको’ म्हटले, पण त्याने ऐकले नाही. थोड्या वेळाने वारा उलट दिशेने आला, सोबत समुद्र घेऊन. तुकारामाचे काही सापडले नाही. अण्णा एकटे मायदेशी परत आले.

तुकारामाची आई काकतीलाच राहत होती. शनिवारच्या बाजाराला ती भाजीची नाहीतर करवंदांची पाटी घेऊन चालत येई आणि जाता येता शाळेच्या फाटकाशी टेकत असे. अण्णा तिला आत्या म्हणत, सावलीत पोते टाकून देत, पाणी आणत. तिचे बोलणेही ठरलेले असे.

"तू नको म्हणलास, तरी गेलाच न्हवं त्यो. बापावर गेलता. हट्टी. घरात आई हाय, ह्ये एकदा तरी मनात आलं का त्याच्या?"

"आत्या, पाणी पी."

"पितो रं. पर तू सांग, शेंगांचं पोतं मोठं का मी मोठी?"

अण्णा खाली बघत. मला वाटे, दोघांचे दुःख एकच आहे. मी त्या वेळी असे पुष्कळ काही समजत असे.

मी इंटरची परीक्षा देऊन कोल्हापूरहून सुटीत आलो होतो. मे महिना होता, शनिवार होता. अण्णांना भेटायला मैदानावर गेलो तेव्हा म्हातारी फाटकाशी बसली होती. दुपारी चारच्या सुमाराला पश्चिमेकडे आभाळ काळे झाले आणि धुळीचा लोट उठला. अण्णांनी आम्हा दोघांना बॅट-स्टंप ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत नेले. करवंदांची पाटी बाहेर झाडाखालीच राहिली.

वळीव आम्हाला नवा नव्हता. अण्णांनाही नव्हता. पण त्या दिवशी वारा काही वेगळाच होता. पत्रे खिळ्यांसकट उचलून पुन्हा आपटत होते. अण्णा दाराला पाठ लावून उभे राहिले आणि बेसबॉलविषयी बोलू लागले. कोणी विचारले नव्हते.

"नऊ गडी असत्यात. नऊ डाव. तीन येळा चुकला की भाईर. चार बॉल वाईट पडले की चालत चालत पयल्या बेसवर जायचं, पळायची गरज न्हाई. सातव्या डावात समदी मानसं उठून हुबी ऱ्हात्यात. का? कुनाला म्हाईत न्हाई. बॉलचा पयला टाका न् शेवटचा टाका आत लपवत्यात, भाईरनं दिसत न्हाई..."

"अरं, गप की," म्हातारी म्हणाली. "पत्रा ऐकाय येईना तुझ्यामुळं."

गारा पडल्या. मग पाऊस. मग सगळे एकदम थांबले. पत्र्यावरून पाणी ठिबकत होते तेवढाच आवाज. दाराच्या फटीतून उजेड आला.

म्हातारी उठली. "थांबलं बघ. माझी पाटी बघून येतो."

अण्णांनी तिचे मनगट धरले. "न्हाई. परत येतंय."

"काय येतंय? ऊन पडलंय की."

"तवा बी पडलं होतं. जाऊ नको, आत्या."

"सोड रं. पाटी भिजली माझी."

"तवा बी असंच थांबलं होतं!" अण्णा ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकले नव्हते. "त्यो जात न्हवता. भ्या वाटतंय म्हणला. मीच म्हणलो, थांबलंय आता, जा, पोतं घिऊन ये. मीच लावून दिलं त्याला!"

त्यांनी मनगट सोडले नाही. आम्ही तिघे तसेच उभे राहिलो. अण्णा दाराकडे बघत होते, उलट्या वाऱ्याची वाट बघत. तो आला नाही. आमच्याकडच्या वळवाला डोळा नसतो. तो येतो आणि जातो. बाहेर चिमण्या बोलू लागल्या, रस्त्यावरून टांगा गेला.

"म्हंजे त्यानं तुझं ऐकलं," म्हातारी म्हणाली.

"व्हय."

"आन् मी इतकी वरसं त्याला श्या घातल्या."

अण्णांनी अजून तिचे मनगट धरलेलेच होते.

"हात सोड."

त्यांनी सोडला. ती बाहेर गेली. करवंदे चिखलात सांडली होती. अण्णा मागोमाग जाऊन ती वेचायला वाकले, तेव्हा तिने पाटी पायाने बाजूला सरकवली, मग स्वतः उचलली आणि रिकामीच घेऊन गेली.

"तू शिकलायस," अण्णा मला म्हणाले. "मी सांगितलं, ते बरं केलं का?"

"खरे बोलणे केव्हाही चांगलेच," मी म्हणालो. त्याच वर्षी मी या विषयावर निबंध लिहिला होता. अण्णांनी मान हलवली आणि पडलेल्या फांद्या ओढायला गेले. त्यांना माझ्याकडून काय हवे होते ते मला अजून नीट सांगता येत नाही. ते निबंधातले वाक्य नव्हते, एवढे खरे.

म्हातारी त्यानंतर फाटकाशी आली नाही. दुसऱ्या वाटेने बाजारात जाऊ लागली. अण्णा शनिवारी पोते अंथरून ठेवत आणि संध्याकाळी घडी घालून आत नेत. दिवाळीत मी आलो तेव्हा त्यांनी शाळा सोडली होती. ते निपाणीला भाचीकडे गेले होते आणि तंबाखूच्या एका वखारीवर राखणीला बसत होते. मी जाऊन भेटलो. तंबाखूच्या खकाण्याने त्यांना सारखा खोकला येत होता. त्यांनी एकच विचारले, "आत्या दिसली का?" मी नाही म्हणालो.

पुढे दीड वर्षाने मी बी.ए.ची परीक्षा देऊन आलो आणि एकदाचा काकतीला गेलो. म्हातारी भेटली. तिने अण्णांसाठी एक निरोप दिला. तो मला त्याच दिवशी निपाणीला पोचवता आला असता. मोटारी जात होत्या. निदान पत्र टाकता आले असते, वखारीतल्या कारकुनाने ते अण्णांना वाचून दाखवले असते. पण माझा निकाल पाच-सहा आठवड्यांवर आला होता. मला वाटले, दोन्ही बातम्या एकाच पत्रात द्याव्यात. अण्णांना किती आनंद होईल! निकाल लागला, त्या दिवशी मी नवा कागद आणून स्वच्छ अक्षरात पत्र लिहिले.

ते निपाणीला पोचले तेव्हा अण्णांना जाऊन आठ दिवस झाले होते. छातीत कफ झाला होता. भाचीने पत्र जपून ठेवले आणि मी गेलो तेव्हा माझ्या हातात दिले. ते उघडलेले नव्हते. घरात वाचता येणारे कोणी नव्हते, आणि मामाचे पत्र परक्या माणसाकडून कसे वाचून घ्यायचे, असे तिला वाटले. मी ते उंबऱ्यात बसून तिला वाचून दाखवले. ते असे:

तीर्थस्वरूप अण्णांस, साष्टांग नमस्कार वि. वि.

आनंदाची बातमी आधी लिहितो. मी बी.ए. पास झालो. दुसरा वर्ग मिळाला. आमच्या गल्लीत आजवर कोणी पदवीधर झालेला नाही. वडिलांनी पेढे वाटले, आणि तुमच्या नावाचा पेढा आईने काढून ठेवला आहे. कोल्हापूरला एका शाळेत मास्तरची जागा मिळेल असे दिसते. हे सर्व तुमच्यामुळे झाले, हे मी जन्मभर विसरणार नाही. खोकल्याचे कसे आहे? वखारीत तोंडाला फडके बांधून बसावे.

दुसरे असे की मी काकतीला जाऊन आत्यांना भेटलो. त्यांना आता नीट दिसत नाही. बोलायला त्या आधी तयार नव्हत्या. मग म्हणाल्या की रागापायी त्यांनी तुकारामाचे पान पितृपक्षात कधी वाढले नव्हते, ते गेल्या दोन वर्षांपासून वाढतात. तुम्हाला क्षमा केली असे त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही तसे लिहीत नाही. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहितो: "त्याला म्हणावं, पितृपक्षात दुपारचा ये. सोप्यात तुझं बी पान मांडतो. माझ्याच्यानं बोलनं व्हायचं न्हाई. त्यानं बी काय बोलू नये. जेवावं आन् जावं."